भट्टी गार आहे तोवर

सोमवार

आज भट्टी उघडली. दाराच्या विटा एकेक करून काढत होतो, तेवढ्यात फरशीवाल्याच्या पायाशी एक खापरी घरंगळली आणि सगळ्यांचे हात थांबले. विटांमागून खापरी आली की समजून जावं, आत काहीतरी फुटलंय.

फुटलं होतं एकच भांडं. खालच्या थरातली, आमच्यात सगळ्यात नवी असलेल्या धाकटीची जाड बुडाची कुंडी. ती आतून ओली राहिली असणार. ओलं भांडं तापलं की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही, मग ती भांडंच फोडून बाहेर पडते. कुंडीच्या खापऱ्या उडाल्या त्या वरच्या फळ्यांवर, झिलई लावलेल्या मालावर. पुढे झिलई वितळली आणि गुळाला माश्या चिकटाव्यात तशा त्या सगळ्यांच्या मालाला चिकटून बसल्या. फरशीवाल्याचं बेकरीच्या भिंतीचं सगळं काम गेलं. कपवाल्या वहिनींचे निम्मे कप गेले. मास्तरांची उंच फुलदाणी गळ्यापासून गेली. माझे वाडगे तेवढे धड निघाले. मी ते कोणाला दिसू नयेत म्हणून पोत्याखाली सरकवले.

आम्ही पाच जण आणि भट्टी एक. वहिनींचा नवरा, म्हणजे माझा दोस्त, आणि मी, आम्ही दोघांनी विटा वाहून ती बांधली. तो गेला, भट्टी राहिली. तेव्हापासूनचा एक नियम आहे: भट्टी गरम असताना भांडायचं नाही. भांडणाऱ्याचं लक्ष आगीवर नसतं. काय बोलायचं ते भट्टी गार झाल्यावर, बैठकीत.

म्हणून आज कोणी भांडण काढलं नाही. ओठ मात्र सगळ्यांचे आवळलेले. विटांना हात लावून मी म्हटलं, अजून कोमट आहे. मास्तर म्हणाले, "शनिवारपर्यंत गार होईल ना? मग शनिवारी बैठक. आणि या वेळी नीट विषय लिहून काढा, दादा. पहिला मी आत्ताच सांगतो. धाकटीने ही भट्टी सोडायची."

राग नुसता फुटण्याचा नाही. आमच्याकडे भट्टी भरण्याआधी प्रत्येक भांडं माझ्या गालाखालून जातं. ओल असली की भांडं गालाला गार लागतं. रंगाने माती फसवते, वरून पांढरट दिसते आणि आत ओल धरून बसते. हात तर चिखलात निबर झालेले. गाल फसत नाही. जड भांड्यावर मी वाकून डावा गाल टेकतो, उजव्या हातात कोळशाचा तुकडा असतो, वाळलं असेल तर बुडावर रेघ ओढतो. रेघ भट्टीत जळून जाते. इतक्या वर्षांत माझ्या गालाखालून गेलेलं एकही भांडं फुटलेलं नाही. मग कुंडी फुटली याचा अर्थ एकच, ती मला न दाखवता आत सरकवली.

धाकटी म्हणाली, "दादा, तुम्ही गाल लावला होता तिला. रेघही ओढली होती."

मी म्हटलं, "लावला असता तर फुटली नसती, पोरी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिची नजर सोसवेना, म्हणून विटा रचायला लागलो.

मंगळवार

विषय लिहायचं माझ्याच गळ्यात पडलं. वयाने मोठा म्हणून. आमच्या बैठका म्हणजे बाजार. गेल्या खेपेला बसलो ते गॅसच्या टाक्या कोणी आणायच्या हे ठरवायला, आणि उठलो तेव्हा फरशीवाल्याच्या सासऱ्यांनी बोकड कसा हरवला हे सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. टाक्या शेवटी मीच आणल्या.

म्हणून लेकीला फोन लावला. ती मोठ्या कचेरीत आहे, दिवसाला दोन-चार बैठका झोडते. तिने आधी माझ्या गालाची चौकशी केली. थंडीत डाव्या गालावर नागीण उठली होती, आगीने जीव नकोसा केला होता. म्हटलं, आता आग पार गेली, गाल अगदी शांत आहे. ती म्हणाली, पुन्हा दाखवायला बोलावलं होतं ना डॉक्टरांनी? म्हटलं, शुक्रवारी. पण बरं झालेलं काय दाखवायचं? बैल गेल्यावर झोपा करण्यातला प्रकार.

मग बैठकीचं विचारलं. ती म्हणाली, बाबा, विषय म्हणून नुसतं नाव लिहू नका, प्रश्न लिहा. 'चहा' असं लिहिलंत तर सगळे चहावर बोलत बसतील. 'चहाची पाळी कोणाची?' असं लिहिलंत तर उत्तर येईल. पुढे लिहा, हे नुसतं सांगायचं आहे, की बोलायचं आहे, की ठरवायचं आहे. जड विषय अगदी शेवटी नको, तोवर सगळ्यांचं चित्त घरी गेलेलं असतं. आणि आधी प्रत्येकाला जाऊन विचारा. ज्याचा विषय कागदावर नसतो तो मधेच उगवतो.

मी म्हटलं, एका बाईला काढायचं आहे, ते कसं लिहू?

ती म्हणाली, "उत्तर आधीच ठरलेलं असेल तर तो विषय नसतो, बाबा. ती शिक्षा असते. कागद कशाला फुकट घालवता?"

हे मला लागलं. पोरगी लहान होती तेव्हा माझ्याच मांडीवर बसून मातीचे बेडूक करायची.

खरं सांगायचं तर मला धाकटी आवडते. कारखान्यातली बांधल्या पगाराची नोकरी सोडून ती इथे आली. एका खोलीत ती, तिची आई आणि तिचं चाक. भांड्यांच्या भिंती जाड घडवते, पण हात चांगला आहे. एका रोपवाटिकेने तिच्या कुंड्या ठरवल्या आहेत. ही भट्टी सुटली तर आसपास दुसरी नाही, चाक विकून पुन्हा कारखान्याच्या दारात उभं राहायचं. मी शनिवारी तिची बाजू घेणार आहे. चुकली, पण पदरात घ्या, असं सांगणार आहे. नवीन माणूस घाईत एखादी लबाडी करून जातं. फक्त तिने एकदा कबूल करावं.

बुधवार

फरशीवाल्याकडे गेलो. तो खापऱ्या चिकटलेल्या फरश्या छिन्नीने सोलून बघत होता. एकही वाचत नव्हती, तरी सोलत होता. बेकरीवाल्याने मुदत वाढवून दिली आहे, पण सोमवारी भट्टी भरली नाही तर तो दुसरीकडे जाणार. म्हणजे शनिवारची बैठक शनिवारीच संपली पाहिजे. त्याचा विषय: फरश्या पुन्हा वेळेत कशा होणार? धाकटीबद्दल विचारलं तर म्हणाला, "दादा, तुम्ही म्हणता दाखवली नाही, म्हणजे नाहीच दाखवली. तुमच्या शब्दापुढे मला काय कळतं?" तेव्हा मला हे ऐकून बरं वाटलं. घरी येईपर्यंत ते बरं वाटणं कुठेतरी गळून गेलं.

कपवाल्या वहिनींनी चहा दिला, त्यांच्याच एका वाकड्या कपात. चांगले कप त्या विकतात, वाकडे पाहुण्यांना. म्हणाल्या, "भावजी, मला विषयबिषय काही नाही. कोणाच्या तरी घरचं चाक बंद पडणार आणि आपण त्याला विषय म्हणणार." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "चहा सांडतोय तुमचा." हनुवटीवरून ओघळ सदऱ्यावर आला होता. वाकड्या कपाचा काठ तसाच. त्यांना म्हटलं, पाहुण्याला कप देताना एकदा स्वतः पिऊन बघत जा. त्या हसल्या नाहीत. एरवी हसल्या असत्या.

संध्याकाळी कागद घेऊन बसलो होतो. बायको मागून आली. जरा वेळाने विचारलं, "काही लागलं का गालाला?"

म्हटलं, नाही, काय लागायचं?

"बरं," म्हणाली, आणि हातातलं ओलं फडकं घेऊन आत गेली. आज तिचं काहीतरी बिनसलंय. जेवतानाही दोनदा म्हणाली की शुक्रवारी डॉक्टरांकडे जाऊन या. म्हटलं, शुक्रवारी कागद पक्का करायचा आहे. ती म्हणाली, "मग त्या कागदात माझाही एक विषय घाला. नवरा ऐकतो का? ठरवायचं."

गुरुवार

सकाळी दाढी करताना डाव्या बाजूला कापलं. मला कळलंही नाही, हिने रक्त दाखवलं तेव्हा समजलं. डोक्यात विषय असले की असं होतं.

दुपारी मास्तरांच्या शाळेत गेलो. मास्तर चित्रकला शिकवतात. वर्ग सुटलेला, उंच स्टुलं उलटी करून बाकांवर ठेवलेली, आणि ते एकटेच त्यांच्यामध्ये बसलेले. त्यांनी आपला विषय लिहून ठेवला होता: 'धाकटीची हकालपट्टी.' मी म्हटलं, प्रश्न करून द्या. ते म्हणाले, "बरं. धाकटीला शनिवारी काढायचं की रविवारी?"

हसलो. ते हसले नाहीत.

म्हणाले, "दादा, मी दुष्ट नाही. भांडं काय, उद्या माझंही फुटेल. पण तिने तुम्हाला न दाखवता आत ठेवलं आणि वर तुमच्यावरच ढकलतेय. तुमच्या गालावर आमच्या सगळ्यांच्या चुली चालतात. त्या गालावर कोणी बोट ठेवलेलं मी ऐकून घेणार नाही."

माझी बाजू घेणारा माणूस, पण त्याच्यापुढे मला बसवेना. धाकटीला पदरात घ्या, हे सांगायला गेलो होतो. न सांगताच उठलो.

तिथून धाकटीकडे. ती दारातच बसून माती मळत होती. आत आई झोपलेली, म्हणून आम्ही हळू बोलत होतो. मी तिला समजावलं. म्हटलं, कबूल कर, मी बघतो पुढचं. झाकली मूठ उघडली की हलकी होते.

ती म्हणाली, "काय कबूल करू? तुम्ही वाकला होतात, दादा. डाव्या हाताने कड धरली होतीत. म्हणालात, झकास वाळलीय."

मला संताप आला. मी आवाज चढवणार एवढ्यात तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "मुंगी आहे," म्हणाली. मी झटकली. मुंगी कसली, चांगला काळा डोंगळा, गालावरून डोळ्याकडे निघाला होता. म्हटलं, बघ, डोंगळासुद्धा मला चावत नाही, आणि तू चावतेस.

ती मळलेल्या मातीचा गोळा पुन्हा पुन्हा तोच तोच दाबत राहिली. मला वाटलं, रडेल. रडली नाही. मग म्हणाली, "माझा एकच विषय घाला. भांडं वाळलंय की नाही हे एकाने बघावं की दोघांनी?"

"आणि कुंडीचं?"

"कुंडीबद्दल मला आता काही म्हणायचं नाही."

म्हणजे ओठावर आलं होतं, आणि गिळलं. खोटं बोलणारा माणूस असाच मधेच गप्प होतो, हे मी आयुष्यभर पाहत आलो. पण तिचा विषय ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कानामागून आली आणि तिखट झाली. माझ्या गालावर पहारेकरी नेमायला निघाली आहे.

शुक्रवार

रात्रीची झोप नीट झाली नाही. डॉक्टरांकडे गेलो नाही.

धाकटीचा विषय गाळून टाकावा असं सकाळी वाटलं. मग लेकीचं आठवलं, ज्याचा विषय कागदावर नसतो तो मधेच उगवतो. आणि मग मला युक्ती सुचली. विषय ठेवायचा, पण आधी प्रात्यक्षिक ठेवायचं. प्रत्येकाने एकेक वाळत घातलेलं भांडं आणायचं, मी गाल लावून सांगायचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? एकदा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं की दोघांची गरज काय, हा प्रश्नच मिटेल. मास्तर त्यांचा विषय पहिला घ्या म्हणत होते. पण निवाड्याआधी नियम पक्का नको का?

कागद असा झाला:

१. बेकरीच्या फरश्या वेळेत कशा होतील? (ठरवायचं. बोलणार: फरशीवाला)

२. वाळल्याची खात्री एकाने करावी की दोघांनी? (ठरवायचं. बोलणार: धाकटी. आधी प्रात्यक्षिक: दादा)

३. ओली कुंडी भट्टीत कशी गेली, आणि जो चुकला त्याचं काय? (ठरवायचं. बोलणार: मास्तर)

४. चहाची पाळी कोणाची? (ठरवायचं, आणि या वेळी खरंच.)

तिसरा विषय प्रश्न करून लिहिला तेव्हा पेन जरा अडलं. 'धाकटी' हे नाव मी त्यात घातलं नाही. आपण आपलं प्रश्नासारखं लिहावं. उत्तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

कागद भट्टीच्या शेडमध्ये खिळ्याला लावून आलो. धाकटी तिचे पाट आवरत होती. अवजारं फडक्यात गुंडाळून ठेवत होती, जणू शनिवार होऊन गेला आहे. कागद वाचून म्हणाली, "दादा, प्रात्यक्षिक नका ठेवू. नुसतं बोलू."

म्हटलं, का? घाबरलीस?

"हो," म्हणाली.

शनिवार

आजचं आजच लिहिलं पाहिजे. उद्या मी ते स्वतःला सोयीचं करून लिहीन.

भट्टी गार होती. शेडमध्ये फळीभोवती पाच जण बसलो. पहिला विषय लेकीने सांगितल्यासारखाच झाला, बोकड न येता. ठरलं की सगळ्यांनी दोन दिवस आपलं काम बाजूला ठेवून फरश्या कापायच्या. धाकटीनेही हात वर केला. मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझं तिसऱ्या विषयानंतर बघू."

मग दुसरा. फळीवर भांडी मांडली होती. फरशीवाल्याची एक फरशी, वहिनींचा एक मोठा कप, मास्तरांची जाड पोटाची बरणी. धाकटीने काही आणलं नव्हतं. म्हणाली, विसरले.

मी बाह्या सारल्या. कोळसा हातात घेतला. थोडं व्याख्यानही दिलं, आता आठवून लाज वाटते. रंग फसवतो, हात फसवतो, गाल फसत नाही वगैरे. मग फरशीला गाल लावला. वाळलीय. रेघ. कपाला लावला. वाळलाय. रेघ. बरणीवर वाकलो, डावा गाल टेकला, वेळ घेतला, कारण बरणी जाड होती. म्हटलं, ही पण झकास वाळलीय. आणि रेघ ओढली.

वर बघितलं तर मास्तरांचा चेहरा पांढराफटक.

मला वाटलं, प्रभाव पडला. मग फरशीवाल्याने बरणीवर आपला गाल टेकला आणि चटकन सरळ झाला. त्याने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी बरणीला हातसुद्धा लावला नाही, नुसते डोळे मिटले.

धाकटी म्हणाली, "दादा, पुढचा विषय घेऊ या."

मी विचारलं, काय झालं?

"काही नाही. माझा विषय मी मागे घेते. तिसरा घ्या. मी भट्टी सोडते, चालेल? संपवा हे."

तेव्हा मास्तर बोलले, पण तो मास्तरांचा आवाज नव्हता. "दादा, बरणी ओली आहे. मी मुद्दाम आणली. कालपर्यंत ओल्या फडक्यात होती, सकाळी वरून पंख्याखाली सुकवली. मला दाखवायचं होतं की तुमच्या गालाखालून ओलं भांडं जाऊच शकत नाही."

मी म्हटलं, मस्करी करता काय? पुन्हा वाकलो. पुन्हा डावा गाल लावला. काहीच नाही. गार नाही, ऊनही नाही. भांडं आहे की हवा आहे, तेही नाही. त्यावर मी आजवर 'वाळलं' म्हणत होतो. काही न लागणं म्हणजे कोरडं, असं धरून चाललो होतो.

मग काय सुचलं देव जाणे, मान वळवून उजवा गाल टेकला.

गार. हिवाळ्यातल्या पहाटे दाराच्या कडीला गाल लागावा तशी गार. अंगावर काटा आला. डोंगळा, रक्त, चहा, ओलं फडकं, सगळं एका ओळीत डोळ्यांपुढून गेलं. नागिणीची आग गेली म्हणून मी खूश होतो. आग जाताना सगळंच घेऊन गेली होती. नागिणीनंतरची ही दुसरीच भट्टी. पहिल्या खेपेला सगळा माल पातळ होता, निभावलं. या खेपेला धाकटीची कुंडी आली.

मी बसलो. पण बैठक माझ्याकडे होती आणि कागद समोर होता. मी तिसरा विषय मोठ्याने वाचला. ओली कुंडी भट्टीत कशी गेली, आणि जो चुकला त्याचं काय? मास्तरांचं नाव होतं बोलणार म्हणून. मी म्हटलं, मास्तर, यावर मीच बोलतो.

म्हटलं, "कुंडी माझ्या गालाखालून गेली. मी गाल लावला होता, रेघही ओढली होती. ही पोरगी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, आणि मी तिला खोटी ठरवलं. आता जो चुकला त्याचं काय ते ठरवा."

धाकटीकडे बघायला मान उचलत नव्हती. तरी उचलली आणि विचारलं, गुरुवारीच तुला कळलं ना? मग बोलली का नाहीस?

ती म्हणाली, "तुमच्या तोंडावर कसं सांगायचं होतं? आणि सांगितलं असतं तर पटलं असतं तुम्हाला?"

नसतं पटलं. डोंगळा चावत नाही म्हणून मिरवणारा माणूस मी.

मास्तर उठून तिच्याजवळ गेले. त्यांना माफी मागायची सवय नाही, उभ्या उभ्या चाचरत होते. म्हणाले, "हकालपट्टीचा शब्द मी मागे घेतो."

वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "तो कागदावर नव्हताच, मास्तर. भावजींनी लिहिलाच नाही."

मी म्हटलं, मग माझं ठरवा. मी भट्टीचं काम सोडतो, रेघ दुसऱ्या कोणीतरी ओढावी. फरशीवाला म्हणाला, असं कसं? मास्तर म्हणाले, असं कसं? सगळे एकदम बोलायला लागले, आमच्या जुन्या बैठकांसारखा बाजार झाला. तेवढ्यात धाकटीने कागदावर बोट ठेवलं.

"दुसरा विषय अजून ठरायचाय," म्हणाली. "मी मागे घेतला होता, तो पुन्हा ठेवते. एकाने की दोघांनी?"

सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यात शेवटी मी. दोघांनी.

चहाचं राहिलं.

सोमवार

आज भट्टी भरली. शनिवारी दुपारपासून सगळ्यांनी फरश्या कापल्या, मास्तरांनी तर कडा इतक्या सरळ कापल्या की फरशीवाला वैतागला. माती पातळ लाटलेली, वर शेडमधले सगळे पंखे आणून लावलेले, म्हणून आजपर्यंत वाळल्या. खालचा थर या खेपेला रिकामाच ठेवला. धाकटीच्या कुंड्या पुढच्या भट्टीला. तिनेच सांगितलं, अजून वाळल्या नाहीत.

तपासायला मी आणि ती. मी एकेक फरशी उचलायचो आणि सवयीने डावीकडे न्यायचो. ती म्हणायची, "दादा, बाजू बदला." मी बदलायचो. मग तीच फरशी ती आपल्या गालाला लावायची. दोघांचं जुळलं की रेघ. कोळसा आता तिच्या हातात. दोन फरश्यांवर जुळलं नाही. मला कोरड्या लागल्या, तिला गार. आम्ही त्या बाजूला ठेवल्या, वाद घातला नाही. भट्टीखाली अजून आग नव्हती, घातला असता तरी चाललं असतं.

तिच्या गालावर कोळशाचा डाग होता. मी सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं.

संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, गालाची जाणीव येईल परत, कदाचित. कदाचित नाही. म्हटलं, दुसरा आहे अजून.

घरी येऊन खुर्चीत बसलो. ही बाजूला येऊन उभी राहिली. समोरच्या खिडकीच्या काचेत अंधार उतरला होता, त्यात मला माझं तोंड दिसलं आणि डाव्या गालावर हिचा हात. किती वेळ होता कोण जाणे.

मी म्हटलं, "बाजू बदल."

तिने हात उजव्या गालावर ठेवला. नुकतीच भांडी घासून आली होती. गार होता.